रीळ संपेपर्यंत

ओदीलबाई आमच्या दारावरची बेल वाजवायच्या नाहीत. नखांनी दार खरवडायच्या, मांजर खरवडतं तसं. कारण त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बेल वाजली अन् मी रश्मीला उचलून बाथरूममध्ये कडी लावून बसले होते, हे मी त्यांना पुढं कधीतरी सांगून टाकलं, त्या दिवसापासून बेल बंद. अमेरिकेत नेपरव्हिलला स्टेशनजवळ आमची बिल्डिंग, आम्ही खाली, त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, मधे अंगण, अंगणात एक झाड. उंच बाई, सत्तरीच्या असतील, पाठीत वाकलेल्या, अंगात पुरुषी कोट अन् कोटाच्या खिशात नेहमी पांढरे सुती हातमोजे. मला वाटायचं म्हातारीला कळत कसं नाही, एवढ्या पातळ मोज्यांनी इथली थंडी जाईल का. ते थंडीचे नव्हतेच. फिल्मला हात लावायचे होते.

मी त्यांना बाई म्हणायची. आमच्या शाळेत शिकवणारीला बाई म्हणत, अन् माझी शाळा नववीत सुटली, त्यानंतर मला शिकवणारी ही एकच भेटली. त्या मला म्हणायच्या मादाम मेश्राम. मी बावीस वर्षांची. सासरी पुलगावला मला सगळे 'अगं ए' म्हणत, इथं दुकानातली काउंटरवरची पोरगी 'हनी' म्हणायची, अन् ही एवढी मोठी बाई मला मादाम. पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं होतं, कोण आलं म्हणून.

त्यांचं इंग्रजी फ्रेंचमधून आलेलं, माझं नववीतलं. दोघींचं अर्धं अर्धं, म्हणून बरं जमलं. पूर्ण इंग्रजीवाल्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. फोनची, पलीकडून कोणी भरभर बोललं तर काय करायचं. सिंकमधल्या त्या खरकटं दळणाऱ्या भोकाची. हीटर आपोआप धाडकन सुरू व्हायचा त्याची. अन् सगळ्यात जास्त, रश्मीला नेतील याची. मराठी मंडळाच्या पिकनिकला पुण्याच्या जोशीकाकू भेटल्या होत्या, त्यांनी मला भेळ वाढता वाढता सांगितलं, "इथं पोर फार रडलं ना, की शेजारी फोन करतात, अन् सरकारची बाई येऊन पोर घेऊन जाते. सांगून ठेवते हो तुला." झालं, तेव्हापासून रश्मी रडली की मी खिडक्या लावून घ्यायची, भर उन्हाळ्यात पण.

अशात एक दिवस फोडणीत मिरच्या जास्त पडल्या अन् धुराचा तो अलार्म सुरू झाला, तो काही बंद होईना, रश्मी किंचाळते, मी तिला घेऊन बाहेर अंगणात, तर बंबच आला, टोप्या घालून माणसं खाली उतरली. अन् झाडाखाली ही बाई उभी, डोळ्याला कॅमेरा लावून, आमच्याकडेच. मला दुसरं काही सुचलंच नाही, हीच ती सरकारची बाई, पुरावा घेऊन राहिली. मी धावत गेले, तिची बाही धरली अन् म्हटलं, "नो पिक्चर. प्लीज. बेबी." रडतच होते मी.

बाईंनी कॅमेरा खाली केला. माझ्याकडे बघितलं, रश्मीकडे बघितलं. तिथंच उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं अन् आतली फिल्म हातानं ओढून काढली, ओढतच गेल्या, गवतावर तिचा ढीग झाला चकचकीत. म्हणाल्या, "झालं. आता कोणीच काही बघितलेलं नाही."

त्यांनी काय केलं हे मला तेव्हा कळलंच नाही. उजेड लागला की फिल्म जाते हेही माहीत नव्हतं. नंतर त्यांच्या घरी गेले तेव्हा बघितलं, बिस्किटांचे डबेच्या डबे, त्यात कापलेल्या फिल्मचे बोटभर तुकडे, एक एक तुकडा कागदात गुंडाळून वर नाव. आयुष्यात घेतलेली फिल्म त्या फेकायच्या नाहीत. अन् माझ्यासाठी अख्खं रीळ गवतावर.

दुसऱ्या दिवशी मी शिरा करून नेला. बाईंनी वाटी बोटानं पुसून खाल्ली. पुढं महिनाभर मी शिरा नेत राहिले, त्या खात राहिल्या, अन् मग एकदा टेबलावर सुई दिसली तेव्हा कळलं बाईंना साखरेचा आजार आहे. मी म्हटलं, "बाई, सांगायचं ना." तर म्हणाल्या, "मग तुम्ही आणला नसता." त्यानंतर मी मुगाची धिरडी न्यायला लागले. खायच्या, पण शिऱ्यासारखा चेहरा कधी झाला नाही.

घर म्हणजे काय, एक पलंग, एक लांब टेबल अन् भिंतीला खिळे. खिळ्यांना फिल्मच्या पट्ट्या लटकवलेल्या, खाली धुण्याची कापडी पिशवी, पट्ट्यांची टोकं पिशवीत. टेबलावर फिल्म बघायचं छोट्या पडद्याचं यंत्र, दोन्हीकडे हँडल, हातानं फिरवायचं, आत दिवा. टीव्ही नाही. सिनेमावाल्या आहेत म्हटल्यावर रश्मीचे पप्पा खुशीत आले होते, एखादी मोठी नटी ओळखीची निघेल. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "नट्या मला घाबरतात."

त्यांनी आपली गोष्ट कधी सलग सांगितली नाही. पट्टी चिकटवता चिकटवता, मोजे घातलेल्या हातानं, मधूनच एखादी निघायची. पहिला सिनेमा त्यांनी आईचा काढला. आई इस्त्री करते. बस्, सगळा सिनेमा इस्त्री. पॅरिसला कुठल्याशा हॉलमध्ये दाखवला. तिथल्या खुर्च्या माणूस उठला की आपटतात. "मी डोळे मिटून खुर्च्या ऐकत होते," बाई म्हणाल्या. "फाट्, फाट्. शेवटी आपटायला खुर्ची उरली नाही."

"अन् तुमची आई?"

"आई पहिलीच उठली. म्हणाली, घरी एवढे कपडे पडलेत."

दुसऱ्या एका सिनेमात चित्रच नव्हतं. पांढरा उजेड अन् मागं रेल्वेचा आवाज. तो लावला तर मशीनवाला बाहेर आला अन् सगळ्यांची माफी मागायला लागला, मशीन बिघडलं म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणायच्या, तेवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

मग एक मोठा पैसेवाला माणूस भेटला. म्हणाला, गोष्टीचा सिनेमा काढ, हिरोईन देतो, पैसे देतो. बाईंनी काढला. अन् कापायला बसल्या तेव्हा हिरोईन दिसते तेवढं सगळं कापून टाकलं. ती खोलीतून निघून गेल्यावरची रिकामी खोली ठेवली, ती उठून गेल्यावरची खुर्ची ठेवली, बाकी सगळं डब्यात. मी म्हटलं, "असं कसं केलं बाई, तिला काय वाटलं असेल." तर म्हणाल्या, "माणूस आला की सगळे माणसालाच बघतात. मग खुर्ची कोण बघणार?" तो सिनेमा लागलाच नाही. पैसेवाल्यानं कुलपात ठेवला. त्यानंतर तिकडं त्यांना कोणी कॅमेरासुद्धा उसना देईना. म्हणून अमेरिका, म्हणून शिकागोचं कॉलेज, रोज गाडीनं जाणं-येणं. पोरांना त्या तासभर पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लावायच्या. म्हणायच्या, "इथली मुलं चांगली. उठून जात नाहीत, झोपतात."

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज वर-खाली व्हायचा नाही. फक्त खुर्चीत बसताना एक श्वास सोडायच्या, लांब, जसं कोणी डोक्यावरचा भारा टाकतं. तेवढंच. थकले, असं तोंडानं कधी म्हटलं नाही.

मी भेटले तेव्हा त्या शेवटचा सिनेमा करत होत्या. शेवटचा हे त्यांनीच ठरवलेलं, कारण साखरेनं डोळे चालले होते. एक गेलाच होता, दुसऱ्याला दवाखान्यात जाऊन लेझरच्या उजेडाचे चटके देऊन घ्यायच्या. सिनेमा म्हणजे त्यांच्या खिडकीतून दिसतं ते अंगण. कित्येक वर्षांचं. बर्फ, झाड, वाळत घातलेली चादर, पुन्हा बर्फ. माणूस आला की तेवढं कापायचं. कॉलेजनं वसंतात एक संध्याकाळ त्यांच्या नावानं ठेवली होती अन् बाईंची एकच इच्छा होती, तो एकदा पडद्यावर स्वतःच्या डोळ्यानं बघायचा. डोळा आधी जातो का सिनेमा आधी होतो, एवढंच राहिलं होतं.

त्या हिवाळ्यात डोळा आणखीच जायला लागला. छोट्या पडद्यावर त्यांना नाक टेकवावं लागायचं, मग नाक टेकवूनही दिसेना. एक दिवस म्हणाल्या, "मादाम, तुम्ही बघा, मला सांगा."

मी काय सांगणार. रश्मीला पलंगावर बसवलं, डबे दिले वाजवायला, अन् हँडल फिरवलं.

"काय आहे?"

"छान आहे."

"छान नको. काय आहे ते."

"झाड."

"कसं?"

"छान..."

बाईंनी टेबलावर हात आपटला. रश्मी रडली, मग मी पण रडले. बाई बसून राहिल्या आमचं दोघींचं होईपर्यंत. मग म्हणाल्या, "घाई कोणाला आहे? बघा. अजून बघा."

तशी मी बघायला शिकले. झाडाची सावली आधी भिंतीवर होती, आता खाली आली. चादर एका चिमट्यावर लटकतेय. बर्फावर कुत्र्याचे पाय, जाताना आहेत, येतानाचे नाहीत. मी सांगायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या अन् म्हणायच्या, इथं कापा, किंवा, राहू द्या. रश्मीचे पप्पा चिडायचे. "तू काय तिची नोकर आहे का? म्हातारी फुकटात राबवून राहिली तुले. अन् दाखवते काय तर झाड. झाड काय आपल्या घरून दिसत नाही?" मी म्हटलं, दिसतं, पण मी बघत नव्हते. त्यावर ते पेपर वाचायला लागले. वाईट माणूस नाहीत. दिवसभर लॅबमध्ये, संध्याकाळी थकून आलेले, अन् घरात मी अशी, दारं लावून बसणारी.

मग एके दुपारी एक डबा निघाला, त्यावर नावच नव्हतं. मी रीळ लावलं.

"काय आहे?"

"बर्फ. आमची बिल्डिंग. मागच्या पायऱ्या."

"अन्?"

माझा हात थांबला. पायरीवर मी होते. मरून साडी, वरून रश्मीच्या पप्पांचा कोट, पायात चपला, बर्फात चपला. रश्मी झाली त्याच्या पुढचा हिवाळा तो, ती चारेक महिन्यांची. ती आत झोपली होती अन् मला घरात श्वास घेता येईना म्हणून मी बाहेर येऊन बसले होते. किती वेळ बसले मला आठवत नव्हतं. कोणाला सांगितलंही नव्हतं. पोराला आत एकटं टाकून आई बाहेर बसलीये, असं कोणी बघितलं असतं तर, याच भीतीनं मी पुढं कित्येक रात्री जागले. अन् इथं ते बघितलेलं होतं. डब्यात होतं. दोन वर्षं.

बाईंना काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं असतं झाड, तर झाड झालं असतं.

"एक बाई बसलीये," मी म्हटलं.

"काय करते?"

"काही नाही."

"रडते?"

"नाही. नुसती बसलीये."

"फिरवा."

मी फिरवत गेले. ती बसून होती. बर्फ तिच्या केसांवर साचत होता, खांद्यावर साचत होता, ती झटकत नव्हती. रीळ संपलं अन् पडदा पांढरा झाला तरी ती उठली नव्हती.

बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे ती कोण आहे."

पलंगावर रश्मी डब्यात डबा घालत होती.

"तेव्हा तुमची ओळख नव्हती," त्या म्हणाल्या. "माणूस आला की मी बंद करते. त्या दिवशी केलं नाही. कोट माझ्या अंगातच होता. एक जिना उतरायचा, अंगण ओलांडायचं. मला वाटलं, रीळ संपू दे, मग जाते. संपलं तेव्हा गेले. पायरीवर तुमची बसल्याची जागा होती फक्त, तेवढीच काळी, बर्फ नसलेली." मग तो त्यांचा श्वास सोडला. "सगळं आयुष्य मी हेच केलं, मादाम. त्या पहिल्या सिनेमाच्या वेळी आई इस्त्री करता करता खुर्चीवर बसली होती, छातीवर हात ठेवून. मी म्हटलं, रीळ संपू दे."

त्यांनी फिल्म कापायचं यंत्र माझ्यापुढं सरकवलं. म्हणाल्या, "हे तुमचं आहे. काढून टाका, उन्हात उघडा, मला काही वाटणार नाही."

मी पुन्हा एकदा फिरवून बघितलं. मला वाटायचं, माझ्याकडे कोणी बघितलं की त्याला माझी भीतीच दिसत असणार. पण त्या बाईच्या तोंडावर भीती नव्हती. ती फक्त फार दमलेली होती. कोणीतरी तिला घोटभर चहा द्यायला पाहिजे होता, एवढंच दिसत होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

बाईंनी कापायचं यंत्र परत आपल्याकडे ओढलं. मग म्हणाल्या, "कुठं लावायचं?"

"शेवटी."

मी त्यांना सांगायला लागले होते, बघा. मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी मान हलवली.

सिनेमा झाला. डोळा त्याच्या आधीच गेला. उजेड आहे का अंधार, एवढंच कळायचं त्यांना. आम्हाला वाटलं त्या आता कॉलेजची ती संध्याकाळ कॅन्सल करतील. केली नाही. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सहून भाचा आला अन् त्यांना घेऊन गेला, त्या सकाळी रश्मीला ताप होता, मी दवाखान्यात होते, परत आले तर खिडकी रिकामी अन् आमच्या दारावर नखांनी खरवडल्याच्या बारीक रेघा, त्या मी कधी पुसल्या नाहीत, पुढं आम्ही ते घर सोडलं. म्हणून जाताना मी त्यांना बघितलेलं नाही. माझं शेवटचं बघणं म्हणजे ती संध्याकाळ.

रश्मीचे पप्पा पण आले होते, मी म्हटलं नव्हतं तरी. कॉलेजची मोठी खोली, पडदा खाली, जमिनीपासून हातभर वर, पुढं लाकडी चौथरा. लोक थोडे. बाई माझ्या शेजारी, हात माझ्या हातात, थंडगार. दिवे गेले तशा कानाशी म्हणाल्या, "मला काही सांगू नका. फक्त पायऱ्या आल्या की सांगा."

झाड आलं, चादर आली, बर्फ आला. मागं कोणीतरी उठलं, मग आणखी कोणी, दार उघडझाप होत राहिलं. रश्मीचे पप्पा रश्मीला मांडीवर घेऊन बसले होते, मला वाटलं झोपले. सिनेमा मुका, कोणी खोकललं तरी ऐकू यायचं.

मग पायऱ्या आल्या.

"मम्मी," रश्मी मोठ्यानं म्हणाली अन् बोट दाखवलं.

रश्मीचे पप्पा ताठ झाले. पडद्याकडे बघितलं, आपला कोट ओळखला. बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "मले फोन का नाही केला?"

"भीती वाटली."

"माझी?"

"फोनची."

त्यांनी रश्मीच्या अंगावरून हात काढला अन् माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

मी बाईंच्या कानात म्हटलं, "आल्या."

बाई उठल्या. माझा हात सोडला. मला वाटलं त्यांना बाहेर जायचंय, मी उठायला गेले तर त्यांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. मग खुर्च्यांच्या पाठी चाचपत, एकेक, पुढं गेल्या. मागून मशीनवाला काहीतरी बोलला. चौथऱ्याला त्यांचा गुडघा लागला तेव्हा थांबल्या, हातानं लाकूड चाचपलं, वळल्या अन् त्यावर बसल्या, पडद्याकडे पाठ करून. तो लांब श्वास मला मागपर्यंत ऐकू आला. त्यांची सावली बरोब्बर खालच्या पायरीवर पडली होती, वाकलेली पाठ, डोकं एका बाजूला, पडद्यावरच्या माझ्या शेजारी. पडद्यावरचा बर्फ आता त्यांच्या कोटावरून पण पडत होता, अन् त्या तो झटकत नव्हत्या.